मुळाशी बसणारा तुडतुडा

तुडतुड्यांपायी इतका वेडा झालेला माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. मुंबईच्या कॉलेजात शिकवायचा. पन्नास सालानंतर दर दसऱ्याला डहाणूला उतरायचा नि एसटीने आमच्या पाड्यावर यायचा. एवढा शिकलेला माणूस, पण आमच्या गवतात जाळी फिरवत गुडघ्यावर रांगायचा. जाळीत आलेले किडे काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यायचा. एकदा नळीतली चाळण फाटली नि एक किडा गेला पोटात. मी पाणी घेऊन धावलो, तर म्हणतो, "जाऊ दे, मादी होती."

त्याचं दुखणं तेच होतं. तांबूस ठिपक्याचा एक तुडतुडा त्याला कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हता. पण ही जमात दिसायला सगळी सारखी. नराच्या शेपटाचं टोक दुर्बिणीखाली बघितल्याशिवाय जात ठरत नाही, नि जात ठरल्याशिवाय नाव देता येत नाही. चार वर्षं नुसत्या माद्या. पाडा हसायचा, मीही हसायचो.

माझी बायको हसली नाही. ती गवत कापणारी, विळा घेऊन उकिडवी बसणारी. एक दिवस त्याला म्हणाली, "भाऊ, तुमची जाळी वरवर फिरते. तो खाली, मुळाशी बसतो." आणि ओंजळीतून तिने नऊ तुडतुडे दिले. पाच नर निघाले. तो माणूस बांधावर बसून रडला.

पुढच्या दसऱ्याला सगळा पाडा अंगणात जमलेला असताना त्याने मला विचारलं, "वहिनींचं नाव काय? किड्याला तेच देतो." तेव्हा आमच्यात बायकोचं नाव चारचौघांत घेत नसत. मी म्हटलं, पाड्याचं ठेवा. त्याने ठेवलं. ती आत भाकऱ्या थापत होती.

ती गेली तेव्हा बाराव्याला तो काठी टेकत आला. त्याच्या पेटीत टाचणीवर एक तुडतुडा, खाली नखाएवढी चिठ्ठी. माझ्या हातात त्याने भिंग दिलं. मी अक्षर लावून वाचलं: तलासरी. गवताच्या मुळाशी. पकडणारी, लखमी.

"नाव कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. अंगणात तुम्हाला विचारलं त्याच दिवशी, तुम्ही बैल सोडायला गेलात तेव्हा."

पेटी नि भिंग तो ठेवून गेला. त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. रोज एकदा ते नाव वाचतो. मोठ्याने वाचतो.