अंगावर पडतं ते, अंगाला लागतं ते

सगळा दवाखाना त्याला ‘श्वासधरे’ म्हणायचा. आडनाव नव्हे हो! एक्स-रेच्या खोलीत उभं आयुष्य ‘श्वास धरा, हलू नका, सोडा’ म्हणण्यात गेलं, त्यातून पडलेलं नाव. किरण काही चिकटले नाहीत, पण नाव मात्र चिकटलं, असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

त्याचं एक भाषण ठरलेलं होतं. एखादी बाई बिचकत विचारायची, “आता घरी जाऊन लेकराला जवळ घेतलं तर चालेल ना?” की याची गाडी सुटलीच. “अहो, ऊन अंगावर पडतं आणि चिखल अंगाला लागतो. उन्हातून घरी आलात तर फरशीवर ऊन सांडतं का? एक्स-रे म्हणजे ऊन. फार पडलं तर बाधतं, म्हणून मी भिंतीआड उभा राहतो. पण बटण बंद, विषय बंद! किरणोत्सारी पदार्थच अंगाला लागला किंवा पोटात गेला, तर तो चिखल. जाल तिथे सोबत येणार. तो इथे नाही. घ्या लेकराचे पापे!” घरीही तो हेच ऐकवायचा. बायकोने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की भांडी घासता घासता ती पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

मग तिच्याच गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गाठीचं उरलंसुरलं मारायला मोठ्या हॉस्पिटलात तिला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की औषध अजून थोडे दिवस घामातून, थुंकीतून, लघवीतून बाहेर पडेल. खोली वेगळी, ताट वेगळं, कपडे वेगळे धुवायचे. गरोदर बाईने तर जवळ फिरकायचंही नाही. आणि वरच्या मजल्यावर त्यांची एकुलती एक मुलगी राहायची, बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेली.

श्वासधरेने मान डोलावली. पण जिभेची सवय हातालाही लागते की काय कोण जाणे! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खालच्या मशीनमध्ये मुलीचे कपडे टाकले, बाळासाठी आणलेली टोपडी टाकली, आणि शीळ घालत बायकोचा टॉवेलही त्यातच कोंबला.

“अहो, माझा टॉवेल कुठाय?” बायकोने दारातून विचारलं.

“मशीनमध्ये.”

“कशाबरोबर?”

“सगळ्यांबरोबर. अगं, काही लागत नाही—”

“ऊन नाहीये हे!” ती किंचाळली. “चिखल आहे चिखल!”

तो मशीनकडे धावला. मशीन बंद केलं तेव्हा ती चिमुकली टोपडी टॉवेलाला गुंडाळली गेली होती. त्याने हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरू नका. टॉवेलात असेल ते अगदी थोडं. हातमोजे घालून टॉवेल बाजूला काढा, बाकीचे कपडे भरपूर पाण्यात पुन्हा धुवा, मशीन एकदा रिकामं चालवा. मुलीला काही धोका नाही.” तरीही या बाबाने ते कपडे पुन्हा पुन्हा धुतले, टोपडी तर पार पिळून काढली. मग जिन्यात उभं राहून मुलीला सगळं खरं सांगितलं. ती वरूनच म्हणाली, “बाबा, आता तरी चहा घ्या.”

संध्याकाळी तो घरातल्या बोळात, बायकोच्या दारापासून लांब, स्टूल टाकून बसला.

“घाबरलात?” तिने आतून विचारलं.

“फार गं. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर...”

“माझं लग्न झाल्यापासून हेच चाललंय. तुम्ही ड्युटीवर गेलात, की परत येईस्तोवर जिवाला घोर.”

“अगं, पण तुला तर माहीत होतं ना, किरण घरी येत नाहीत!”

“घरी येण्याची भीती कुणाला होती? तुमच्या अंगावर किती पडतंय, याची होती.”

“कधी बोलली नाहीस ती!”

“बोलले की. दर वेळी तुम्ही भाषण सुरू करायचात.”

उठावं आणि तिच्या शेजारी जाऊन बसावं असं श्वासधरेला फार फार वाटलं. तो उठलाही. तिने हात वर करून त्याला तिथेच थांबवलं, आणि तो थांबला.