कापलेलं बोलणं

बाबांच्या वादनाची फाइल संपली. रुडोने हेडफोन काढले आणि विचारलं, “आंटी, बाबांचं बोलणं कुठे आहे?”

मी आफ्रिकन संगीताची अभ्यासक. वेलिंग्टनला विद्यापीठात शिकवते. वीस वर्षांपूर्वी झिम्बाब्वेत रुडोच्या बाबांकडे मबिरा शिकायला राहिले होते, तेव्हा त्यांचं वादन कॅसेट्सवर रेकॉर्ड केलं होतं. मबिरा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. त्या अंगठ्यांनी आणि एका बोटाने छेडायच्या. मीही त्यांना बाबाच म्हणायचे. तिथल्या शोना भाषेतही तोच शब्द आहे. तेव्हाची शाळकरी रुडो आता इथे जवळच, पोरिरुआत नर्स आहे. गेल्या महिन्यात बाबा गेले. तिला रजा मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. त्यांचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता.

तो मीच कापला होता. आमच्या कामात याला क्लीनिंग म्हणतात. खोकला, कोंबडे, गप्पा काढून टाकायच्या आणि नुसतं वादन ठेवायचं. विद्यार्थ्यांनाही हेच शिकवलं, तेही मोठ्या तोऱ्यात.

मूळ कॅसेट्स विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये होत्या. पण डिजिटल कॉपी झाल्यामुळे शुक्रवारी त्यांची विल्हेवाट लागणार होती. मी तडक आर्काइव्हच्या मॅनेजरकडे, ग्रॅहमकडे गेले. कॉपी असताना कॅसेट कशाला हवी, असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

“कॉपी अर्धवट आहे,” मी म्हणाले.

“फॉर्मवर तू ‘पूर्ण’ लिहिलंयस.”

“ते चूक आहे.”

“किती कॅसेट्सचं?”

“सगळ्यांचं.”

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने फोन करून पिकअप रद्द केला आणि सगळ्या कॅसेट्स मीच पुन्हा कॉपी करायच्या असं बजावलं. त्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी गेली.

पण पहिली कॅसेट मी त्याच शनिवारी रुडोच्या स्वयंपाकघरात लावली. सुरुवातीलाच कोंबडा आरवला. बाबा खोकले आणि शोनात म्हणाले, “रुडो, पाहुणीला आधी चहा दे. वाजवणं कुठे पळून जातंय?”

लांबून एका मुलीचा आवाज आला, “आले, बाबा.”

रुडो ढसाढसा रडली. मीही रडले. टेप मागे नेऊन तिने तेवढंच चार वेळा ऐकलं. मग डोळे पुसले, उठली आणि चहाचं आधण ठेवलं.

आता विद्यार्थ्यांना सांगते, वाजवणं थांबलं तरी मशीन चालू ठेवा, आणि नंतर बोलणं कापू नका. आणि फॉर्मवर खरं ते लिहा.