गुंडीला गुंडीच म्हणा

"कुणी सांगितलं?"

हे बाईंचं पहिलं वाक्य असायचं आणि बहुतेक वेळा शेवटचंही. समोरच्यानं काहीही सांगितलं तरी त्यांची उजवी भुवई वर जायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरायचा आणि हा प्रश्न यायचा. आज आमटीत मीठ कमी आहे, असं म्हटलं तरी. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याशी बोलताना आपण खरं बोलत असूनही आपलीच जीभ अडखळते.

सांगलीत बायकांसाठी एक मंडळ होतं. तिथे बाई शिवण शिकवायच्या. मला तिथे माझ्या मामानं आणून सोडलं. आमचं गाव पाटणच्याही वर, डोंगरात. शाळा तिसरीत सुटली. लग्नानंतर आमचे मालक पलटणीत भरती झाले, लढाईवर गेले, आणि एक दिवस त्यांची पत्रं यायची थांबली. मग दिराच्या घरी दोन वेळचं खायचं आणि चार वेळचं ऐकायचं, असं सुरू झालं. मंडळ एकेका बाईला वर्षभर ठेवून घ्यायचं. तेवढ्यात काम मिळालं तर मिळालं, नाहीतर आल्या वाटेनं परत. परत म्हणजे दिराचं दार. त्या दाराच्या भीतीनं मी मशीनवर मान खाली घालून बसायची.

मंडळाचं अन्न मी खाल्लं आहे, त्याला जागून सांगते की हेतू चांगला होता. पण मंडळाच्या ताई मोटारीतून उतरायच्या, रुमालानं वारा घ्यायच्या आणि आम्हांला सांगायच्या, "भगिनींनो, आता स्वतःच्या पायांवर उभ्या राहा." आम्ही डोक्यावर भारे घेऊन घाट उतरलेल्या. आमचे पाय त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांना वाटायचं, आम्ही पांढऱ्या कापडावर रेशमाचे पोपट काढावेत, मधे 'सुस्वागतम्' लिहावं आणि ते पाहुण्यांच्या दिवाणखान्यात लागावं.

"सुंदर कला आहे, बाई," अध्यक्षीणताई म्हणाल्या.

"पोपटांना कुणी पगार देत नाही, ताई," बाई म्हणाल्या. "सदरे शिवतील या. सदरा सगळ्यांना लागतो."

ताई हसल्या. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोपटांचं सगळं रेशीम पेटीच्या तळाशी गेलं.

बाईंचा तिरस्कार फक्त मोटारवाल्यांसाठी होता असं समजू नका. आमच्या वाट्यालाही तो पोटभर यायचा. एकीचं पोर अंगावर पीत असायचं म्हणून ती यायची बंद झाली, तर बाईंनी वर्गाच्या तुळईला झोळी बांधली आणि निरोप धाडला, "पोराला इथं टांगा, सबब घरी ठेवा." दुसरीची सासू तणतणत आली.

"आवं बाई, मशिनीवर पाय मारला की बाईमाणसाची कूस जाती."

"कुणी सांगितलं?"

"समदं गाव म्हनतंय."

"जात्यावर बसून तुमची गेली का? सात काढलीत की!"

सासू तोंडाला पदर लावून हसली आणि सुनेला ठेवून गेली. जाताना मशीनचं चाक मात्र तिनं हळूच फिरवून बघितलं.

आता माझी अडचण. आमच्या मालकांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. गुंडी या शब्दाची दुसरी वेलांटी काढून तिथे काना द्या, म्हणजे तुम्हांला कळेल. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं. आणि नावासारखा शब्दही तोंडात येऊ देत नाही. शेजारणीचा नवरा शंकर होता, तर ती साखरेला 'गोड वाळू' म्हणायची. तिचं भागलं. मी पडले सदरे शिवणारी. सदऱ्याला कॉलर एक, बाह्या दोन, आणि बाकी सगळ्या त्याच.

एकदा बाईंनी मला अत्ताराकडे पाठवलं, सदऱ्यांना लावायचं ते आणायला. अत्तारचाचांचं दुकान लहान, पण त्यात सुईपासून सुरम्यापर्यंत सगळं.

"काय पायजे, बेटी?"

"ते द्या. बारीक, गोल... भोकाचं. गळ्यापास्नं खाली एकाखाली एक येतंय ते."

चाचांनी विचार केला, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि पुडी बांधून दिली. बाईंनी ती वर्गात सोडली. आत काळे मणी.

"शाबास," बाई म्हणाल्या. "साहेबाच्या सदऱ्याला मंगळसूत्र घालणार आहेस का?"

वर्ग हसून लोळला. झोळीतलं पोरही जागं झालं. मी कारण सांगितलं तेव्हा बाईंनी मशीनवर हात आपटला.

"जगातल्या गुंड्या काय तुझ्या नवऱ्याच्या नावानं निघाल्यात?"

"ते लढाईवर हायती, बाई. लय दिस झालं, पत्र न्हाई."

"मग बटण म्हण!" एक शहाणी म्हणाली.

"गुंडीला गुंडी म्हणायला आता विलायतेची परवानगी काढा!" बाईंनी तिलाही झोडपलं. त्या दिवसापासून मी बोटानं दाखवायची आणि बाई 'हुं' करायच्या.

वर्ष सरत आलं तेव्हा जबलपूरचे एक कंत्राटदार मंडळात आले. मूळचे कराडचे, तिकडे पलटणीचे कपडे शिवून घ्यायचे. नव्या बायकांना शिकवायला त्यांना एक बाई हवी होती. राहायला खोली, महिन्याला पगार. बाईंनी माझं नाव पुढे केलं. ताई चांदीचा तांब्या आणि गजरे घेऊन हजर.

माझा सदरा कंत्राटदारांनी उलटासुलटा करून पाहिला. "हात चांगलाय. आता सांगा, गुंडी कुठल्या अंगाला?"

मी बोट दाखवलं.

"तोंडानं सांगा की. तिथं काय खुणेनं शिकवणार?"

डोळ्यांपुढे मालक दिसत होते, कुठल्या देशात कोण जाणे, आणि माझ्या जिभेवर त्यांचा जीव. अध्यक्षीणताईंनी टाळी वाजवली. "अहो, तिच्या यजमानांचं नाव तसंच आहे, म्हणून लाजते! अगं, उखाण्यात घे ना. उखाण्यात चालतं!" बाकीच्या ताईंनी खुर्च्या पुढे ओढल्या. गंमत बघायला कुणाला आवडत नाही?

"उखाणा हळदीकुंकवाला घ्यायचा असतो, ताई," बाई म्हणाल्या. "इथं हिचं पोट ठरतंय."

मग त्या माझ्याजवळ आल्या. आवाज इतका हलका मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. "तिकडं तोफा झाडतायत त्याच्यावर. त्यातून वाचणारा माणूस तुझ्या एका शब्दानं मरतो होय? बोल. नाहीतर दिराच्या घरची भांडी आहेतच."

मी डोळे मिटले.

"गुंडी उजव्या अंगाला," मी म्हणाले. "काज डाव्या. गुंडी टाकताना दोरा खालनं दोनदा गुंडाळायचा, म्हंजी गुंडी लोंबत न्हाई. गुंडी काजापरास जरा बारीक घ्यायची. गुंडीची भोकं..."

एकदा सुटल्यावर थांबताच येईना.

"आता गं! लय बोलती की ही," कंत्राटदार म्हणाले. "मघाशी मुकी वाटली. नेतो हिला."

मी मागच्या अंगणात जाऊन ओकले. ताई सगळ्यांना सांगत होत्या, मंडळानं कशी एका अबलेला वाचा दिली.

मालकांचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. लढाई संपल्यावर ते परत आले, हिवतापानं वाळलेले, पण धड. बायको कमावते हे पाहून चार दिवस फुगून बसले. पाचव्या दिवशी माझ्या पगाराच्या चहाला चव लागली. आता कपभर उरला तर मागून घेतात.

बाई मात्र गेल्या. सांगलीहून आलेल्या एका बाईनं जबलपूरच्या कारखान्यात सांगितलं. मंडळानं शोकसभा घेतली, ताई खूप रडल्या म्हणे. रडल्या असतील. मी इथे परक्या गावात, शिकवायच्या बायकांपुढे, रडू शकले नाही.

मला मिरज स्टेशन आठवतं. बाई मला गाडीत बसवायला आल्या होत्या. कपाळ मोकळं, अंगावर तेच धुवट लुगडं. मला नव्या धीराची नशा चढली होती. खिडकीतून वाकून मी विचारलं, "बाई, तुमच्या मालकांचं नाव काय हो होतं?"

बाईंचे ओठ उघडले. जरा हलले. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, आणि एकदम वळून मागच्या हमालावर खेकसल्या, "नीट ठेव रे सामान! डोळे फुटले का?"

गाडी हलली तरी त्या त्याला बोलतच होत्या. त्या हमालाकडे आमचं काहीच सामान नव्हतं.