माह्यावाली एक वाटी भात

बायांनो, आज दवाखान्यात माह्यी अक्कल निघाली, ते सांगते.

मले शुगर हाय. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी वजन उतरवा, असं हाडाच्या डॉक्टरनं म्हनलं, म्हनून लाखनीच्या डॉक्टरीनबाईकडं जाऊन राहिली. नातीच्या वयाची पोरगी. मागच्या बारीले तिनं विचारलं, "आजी, भात किती खाता?" मी म्हनलं, "एक वाटी." ते म्हने, "मंग वाटीच घेऊन या."

आज नेली. काशाची, मी धानाच्या रोवन्याले, दिवसभर चिखलात वाकून रोपं लावाले, जात होती तवाची. तिनं आपल्या डब्यातल्या वाटीनं पानी मोजून टाकलं. चार वाट्या मावल्या. दारात नंबर लावून बसलेल्या बाया हासल्या, डॉक्टरीन नाई हासली.

"आजी, आता रोवन्याले जाता का?"

"बाजेवरून उठनं होत नाई माह्यानं."

"मंग वाटी काहून तीच?"

मी वाटी उचलून पिशवीत कोंबली. रागानं म्हनलं, "उद्यापासून भातच बंद."

"गोळी तेवढीच आन भात बंद, तर शुगर उतरून पडाल," ते म्हने. मंग तिनं आधी गोळी कमी लिहून देल्ली, मंग भात कमी केला.

डोक्याची पोरगी हाय, मानलं मी.

तुमच्या घरची एक वाटी केवढी हाय, आज पानी टाकून पाहा बरं.