करवतीचा मुहूर्त

कोणी कसलीही भीती बोलून दाखवली की शेजारचे काका तोंडापुढची माशी हाकलावी तसा उजवा हात हलवायचे आणि म्हणायचे, "काही नाही होत जी." गॅसचा वास येतोय म्हटलं तरी तेच. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तरी तेच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याजवळ उभं राहिलं की आपल्यालाच आपल्या काळजीची लाज वाटते.

हडपसरला आमची रो-हाउसं भिंतीला भिंत लावून आहेत. मी शाळेत शिकवते, आणि काका-काकू माझे शेजारी. मूळचे अमरावतीकडचे. काका पुण्यात सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. जन्मभर कागद हाताळले म्हणून की काय, पुढे त्यांना लोखंडाचं वेड लागलं. मागच्या अंगणात पत्रा टाकून त्यांनी आपला 'कारखाना' थाटला होता. तिथे हातकरवतीने घासून घासून ते कुंड्यांचे स्टँड करायचे. मला दिलेला स्टँड डुगडुगत होता. तसं सांगितलं तर म्हणाले, "तुमची फरशी उतरती आहे."

काकू मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भाजी निवडायच्या आणि अधूनमधून त्यांच्या कामाकडे बघून सुस्कारा टाकायच्या. तो सुस्कारा काकांना शाबासकीसारखा वाटत असावा.

मग खराडीला आयटीत असलेल्या त्यांच्या मुलाने विजेवर चालणारी, लोखंड कापायची करवत पाठवली. ताटाएवढं गोल दातेरी पातं, ते वरून खाली दाबायला दांडा, आणि लोखंड पकडून ठेवायला स्क्रूचा शिकंजा. खोकं उतरताना सोसायटीचे सेक्रेटरी फाटकाशी उभे होते. ते कोरडेपणाने म्हणाले, "दहा बोटं आहेत. हप्त्याहप्त्याने देऊ नका म्हणजे झालं."

काकांनी हात हलवला.

रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. "या मॅडम, मुहूर्त आहे." करवतीला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. ठिणग्यांपासून डोळे वाचवायचा चष्मा मात्र पाकिटातच होता. वाचायचा चष्मा आहेच की, असं काकांचं म्हणणं.

आधी त्यांनी करवत नुसतीच चालवून पाहिली. आवाज बारीक सुरू झाला, चढत गेला आणि वरच राहिला. समोरच्या तारेवरचे कावळे उठले. काकू दाराशी खुर्चीत मेथी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. "मला हा आवाज बरा नाही वाटत जी," त्या म्हणाल्या. "भूक लागल्यासारखी ओरडते."

"नवीन आहे. लाजते अजून," काका म्हणाले.

पहिला काप सुरेख झाला. लोखंडाचा लांब अँगल शिकंजात घट्ट बसला होता. पातं सरळ खाली गेलं आणि तुकडा अलगद पडला. त्याची चकाकती कड त्यांनी मला दाखवली, काकूंना दाखवली, मग एकटेच बघत राहिले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता.

दुसऱ्यांदा त्यांनी तोच पडलेला आखूड तुकडा घेतला. तो शिकंजात नीट बसेना, एका अंगाने मोकळाच राहिला.

"काका, हलतोय तो," मी म्हणाले.

"काही नाही होत जी."

त्याच वेळी काकू "दूध!" म्हणून उठल्या आणि आत पळाल्या. काकांनी दांडा खाली ओढला.

पातं अडकल्याचा कर्कश आवाज झाला आणि तुकडा शिकंजातून नाहीसा झाला. तो कुठे गेला ते मला दिसलंच नाही. पाठीमागे फाडकन काही तरी फुटलं, म्हणून वळून पाहिलं. खुर्चीची पाठ वरच्या अंगाला फुटली होती. मागच्या भिंतीचा गिलावा उडून खाली पडला होता. काकूंची मान जिथे टेकायची, नेमकं तिथे खुर्चीला आरपार भोक होतं. मेथीची जुडी पायरीवर विखुरली होती.

काकांनी दांडा सोडला नव्हता. पातं फिरतच होतं. मी धावत जाऊन प्लग ओढला.

काकू सांडशीत दुधाचं पातेलं धरून दारात आल्या. "खुर्ची कशाने मोडली?" त्यांनी विचारलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. हळूहळू काकूंच्या लक्षात आलं. त्या हसल्यासुद्धा. "वाचली बाप्पा मी! चला, आता चहा तरी घ्या."

काका जमिनीवर बसले होते. त्यांना उठवायला आम्ही दोघी लागलो.

त्यानंतर 'काही नाही होत' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. त्यांच्या जागी दुसरंच सुरू झालं. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. "आहेस का वं?" काका हाक मारायचे. "आहो, आहो," काकू स्वयंपाकघरातून ओ द्यायच्या. त्यांच्याकडे 'आहे'ला 'आहो' म्हणतात. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली. म्हातारपणी संसार रंगात आलाय, असं मी काकूंना चिडवलंही. पण हाका वाढत गेल्या. काकू न्हाणीघरात असल्या आणि ओ द्यायला उशीर झाला, की ते दार बडवायचे. घरातल्या सुऱ्या कपाटात गेल्या. पंख्याखाली बसायची काकूंना मनाई झाली. त्यांचं भजन सुटलं, मग बाजारही सुटला.

एकदा कपडे वाळत घालताना काकू मला हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मला काही झालं नाही, हे यांना पटतच नाही. मी समोर बसते, बोलते, तरी बघतात कसे, ठाऊक आहे? फोटोकडे बघावं तसे."

मी पुढचा कपडा झटकून तारेवर टाकला.

मग एका सकाळी काका आंघोळीला गेलेले बघून काकू कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेल्या. परत येतात तो घर सताड उघडं. काका ओल्या अंगावर नुसता टॉवेल गुंडाळून सोलापूर रस्त्याच्या दुभाजकावर उभे होते. दोन्ही बाजूंनी बसगाड्या धावत होत्या आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, "आमच्या बाईंना कुठे नेलं?" एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. त्याच आठवड्यात मुलगा दोघांना खराडीला घेऊन गेला.

दिवाळीत मी भेटायला गेले. उंच इमारत, सगळ्या खिडक्या बंद. काका सोफ्यावर बसले होते, निम्मे झाले होते. काकू चहा टाकायला आत गेल्या, तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मॅडम, तुम्ही तिथे होत्या ना? तुम्ही खोटं नाही बोलणार." त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. "ती खरंच उठली होती का?"

"उठल्या होत्या काका. दूध वर आलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग ही जी चहा करते आहे..."

"त्या काकूच आहेत."

काकू ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ट्रे खाली ठेवून त्या त्यांच्या शेजारी बसल्या आणि बांगड्या वर सारून त्यांनी आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं. काका नाडीवर बोटं ठेवून बसले. ओठ हलत होते. चहावर साय धरली, तरी आम्ही कोणी कप उचलला नाही.

उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "गेले जी. दुपारी झोपेतच."

मी म्हटलं, "त्रास नाही ना झाला?"

"त्यांना नाही झाला," काकू म्हणाल्या. "माझं मनगट धरून झोपले होते. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत मी तशीच बसून होते. मला एकटीला ती बोटं सुटेनात."