रुळावरचं हळदीकुंकू

नवरा, रामहरी, गेल्यापासून गजराबाईच्या डोळ्याला पाणी आलं न्हवतं. गल्लीतल्या बायांनी वैशाखात वाट बघितली, आखाडात बघितली, मग नाद सोडला. भाजीत मीठ दुबार पडलं तरी तिला कळायचं न्हाय. एकदा चुलीवरचा तवा फडकं न घेताच उचलला आन् कातडीचा वास आल्यावर खाली ठेवला.

"पोळतंय का न्हाय गं तुला?" थोरल्या जावेनं, विठाबाईनं विचारलं.

"पोळत असंल की," म्हणाली, आन् दुसऱ्या हातानं भाकर उलटली.

रामहरी फिटर. कुर्डुवाडीच्या कारखान्यात बारक्या रुळाच्या गाडीची इंजिनं खोलायची आन् जोडायची ह्यातच त्याचा जन्म गेला. ती गाडी येडशीवरनं ह्यांच्या शिवाराच्या कडंनं जायची. पुढं मोठे रूळ आले आन् ती बंद पडली. रामहरी रिटायर होऊन गावी आला आन् सोप्यात बसून त्यानं तसलीच गाडी घडवली. वीतभर इंजिन, पितळेच्या पत्र्याचं, पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर, मागं हातानं रंगवलेले डबे. भिंतीकडंनं फळ्या मांडल्या, त्यावर लिंबाच्या लाकडाचे काडीएवढे स्लीपर ठोकले, त्यावर पितळी पट्ट्यांचे रूळ बसवले. बटण पिळलं की करंट रुळातनं चाकात आन् चाकातनं मोटरीत. धूर तेवढा निघायचा न्हाय. त्याची खंत त्याला शेवटपर्यंत होती.

गाडी रामहरीची म्हणायची, पण तिची चाकरी गजराबाईची. बटण त्याच्या हातात, बाकी सगळं हिच्या. पोरांच्या खोडरबरानं रूळ घासायचे, इंजिन उताणं करून स्पिरिटच्या चिंधीनं चाकं पुसायची, ढोराच्या डॉक्टरकडनं आणलेल्या सुईनं आसाला थेंबभर तेल द्यायचं. थेंबाच्या वर न्हाय. जास्त झालं की ते चाकावर उतरतं आन् करंट तुटतो. आन् केस. सोप्यात बसून येणी घातली की केस उडून रुळावर पडायचा आन् आसाला सूत गुंडाळावं तसा गुंडाळायचा. गाडी अडायची, रामहरी वरडायचा, "पुन्हा हितं डोकं इचरलंस व्हय?" मग हीच टाचणीनं तो केस ओढून काढायची. भांडण न्हाय, काय न्हाय. रोजचंच.

खंडेनवमीला घराघरात विळे, कुऱ्हाडी, कुळव धुऊन पुजतात तशी ह्यांच्या घरी गाडी पुजायची. पूजा गजराबाई करायची. इंजिनाच्या टपावर हळदीकुंकवाचं एक एक बोट, डब्याला आपट्याचं पान. रुळाला हात लावायचा न्हाय. त्यासाठी रामहरीनं रुळाचा एक सुटा तुकडा पाटावर ठेवलेला असायचा. काय हळद, काय अक्षता, ते त्याच्यावर. पूजा झाली की सगळी गल्ली सोप्यात येऊन बसायची आन् गाडी फिरायची.

औंदा अष्टमीला रणधीर आला. तो ह्यांचा एकुलता पोरगा, चाकणला कंपनीत. बायको दीपालीला घेऊन आला होता. जेवणं झाली तसा म्हणाला, "माय, ह्या गाडीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे?"

"पुण्यात एक साहेब हायेत, असल्याच गाड्या सांभाळत्यात. काचेच्या कपाटात ठेवतेल. हितं गंजून जाईल ती. आन्ना गेल्यापासून कुणी फिरवली का?"

कुणी फिरवली न्हवती. गजराबाईनं दर आठवड्याला पुसली होती, पण बटणाला हात लावला न्हवता. बटण तिचं न्हवतंच कधी.

"उद्या चालली तर ठेव," रणधीर म्हणाला. "न्हाय चालली तर मी घेऊन जातो. मग काय बोलायचं न्हाय."

"बरं," गजराबाई म्हणाली. तिला गाडी पाहिजे का नको, हे तिचं तिलाच ठाऊक न्हवतं. आत चाचपून बघितलं तर हाताला काय लागलं न्हाय. पण सकाळी उठून तिनं रूळ घासले, चाकं पुसली, मोटरीतले कारबन झिजलेत का बघितले, तेल दिलं. सगळं जिथल्या तिथं होतं.

उन्हं वर आली तशी विठाबाई पूजेचं ताट घेऊन आली. विठाबाई थोरली, भावकीतल्या रीतीभातीचा शब्द तिचा. ती म्हणाली, "वर्साच्या आत सण न्हाय करायचा, पर हत्याराला उपाशी ठेवू न्हाय. पूजा दीपाली करंल. सवाष्णीच्या हातनं झाली पायजे. तू बाजूला बस गजरा."

गजराबाई उठली आन् परड्यात जाऊन शेळीला पाला टाकत बसली. तिला वाईट वाटलं असं न्हाय. पाला टाकला, शेळीनं खाल्ला.

थोड्या वेळानं गल्ली गोळा झाली. शेजारचा बब्रुवान उंबऱ्यावरच टेकला. त्याला गाडीपेक्षा चहात जास्त रस. रणधीरनं मायला पुढं बोलावलं. गजराबाईनं सवयीच्या हातानं, न बघताच इंजिन रुळावर धरून बसवलं, डबे अडकवले आन् पहिल्यांदाच बटण पिळलं.

मोटर घुमली. गाडी हातभर सरकली, चाकाखाली बारकी ठिणगी उडाली आन् गाडी थांबली. बोटानं ढकलली तर आणिक वीतभर गेली. पुन्हा थांबली.

"वैनी, शिग्नल न्हाय मिळाला काय?" बब्रुवान म्हणाला. दोघंतिघं हसले.

"तसं न्हवं," दुसरा म्हणाला, "खाली म्हैस बसली असंल."

गजराबाईनं रुळावरनं बोट फिरवलं. बोट पिवळं झालं आन् तेलकटही. वाकून बघितलं तर सगळ्या रुळाला, आख्ख्या फेऱ्याला, हातभर अंतरानं हळदीकुंकवाची बोटं. त्यावर समईतलं तेल शिंपडलेलं. आन् पाटावरचा सुटा तुकडा कोराच.

"हे कुणी लावलं?"

"म्या, आत्या," दीपाली म्हणाली. तिचं तोंड उतरलं. "थोरल्या आत्या म्हनल्या, जिथं चाक फिरतंय तिथं बोट लागलं पायजे."

"मग काय चुकलं?" विठाबाई म्हणाली. "कुळवाच्या लोखंडी फासंला लावत न्हाव का आपुन? ती चालायची थांबती का?"

"फासंला करंट लागत न्हाय, आक्का."

"मग तूच सांगायचं व्हतंस तिला."

"तुमीच बाजूला बस म्हनलाव."

हे गजराबाई काय चिडून बोलली न्हाय. दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. पण सोप्यातल्या बाया पदर सारखा करायला लागल्या. बब्रुवाननं चहाची बशी खाली ठेवली आन् "ढोराला पानी दावायचं ऱ्हायलंय" म्हणून उठला. त्याच्या मागं एक एक करत बाकीचे उठले.

रणधीर बोर्डाजवळ गेला आन् वायर काढायला लागला. "जाऊं दे माय. ठरलं व्हतं तसं करू."

"वायर सोड."

"आता गं कशाला? लोक बी गेले."

"लोकांसाठी चालवलालाव का आपुन? सोड म्हनलं ना."

त्यानं सोडली. गजराबाईनं स्पिरिटची बाटली घेतली, चिंधी फाडली आन् फळीपाशी गुडघे टेकले. हळद एकटी असती तर खोडरबरानंच गेली असती. तेल मिसळल्यावर ती पितळेला मेणासारखी धरते. घासलं की पसरते. तिनं चिंधी भिजवून दारापासून ओढत आणली, बाजू बदलली, पुन्हा ओढली. दीपाली उभीच होती, डोळे भरलेले.

"रडूं नको," गजराबाई म्हणाली. "पानी पडलं की लाकूड फुगतंय. ही दुसरी चिंधी घे आन् तिकडनं ये. एकाच बाजूनं वढायचं. मागं-फुडं करायचं न्हाय."

दोघी दोन बाजूंनी घासत आल्या आन् खिडकीखाली भेटल्या. मग गजराबाईनं इंजिन उताणं केलं. चाकाच्या कडंला कुंकवाचा थर बसला होता. चाकाला टेकणाऱ्या पत्तीखालीही गेला होता. तिनं टाचणीनं तो कोरून काढला. टाचणीच्या टोकाला एक केस आला, अर्धा पांढरा. कधीचा होता कुणास ठाऊक. तिनं तो झटकला आन् पत्ती थोडी वाकवून परत बसवली.

विठाबाई भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. घरी गेली न्हाय.

गजराबाईनं इंजिन रुळावर ठेवलं आन् बटण पिळलं. आधी जरा अडखळली. मग गाडी निघाली. दारापुढनं गेली, कणगीच्या मागनं गेली, खिडकीखालनं आली. डबे सांध्यावर टकटक करत गेले. दुसरा फेरा झाला, तिसरा झाला. दीपाली हसली. रणधीर हाताची घडी घालून बघत राहिला.

गजराबाईला वाटलं होतं, गाडी फिरली की आतलं काहीतरी हलंल. बाया म्हणतात तसा हुंदका येईल. ती थांबून राहिली. तसलं काय आलं न्हाय. गाडी फिरत होती आन् ती बघत होती, एवढंच. फक्त एक ध्यानात आलं. वळणावर बटण जरा कमी करावं लागतं, न्हायतर मागचा डबा उचलतो. रामहरी ते का करायचा हे तिला आज कळलं. पुढच्या वळणाला तिनं कमी केलं.

"चालली," रणधीर म्हणाला. "आता?"

"आता काय. ऱ्हाऊ दे हितंच."

"तुला आवडती तरी का माय? खरं सांग."

"आवडायचं काय त्यात. पुसावी लागती आठ दिवसाला. तुझा साहेब काय पुसनार, कपाटात ठिवनार."

रणधीरनं मान हलवली आन् फोन घेऊन बाहेर गेला, साहेबाला सांगायला.

विठाबाई हाताचा रेटा देऊन उठली. दारापाशी थांबली. "फुडल्या साली मंग…" म्हणाली.

"फुडल्या साली पूजा म्या करनार," गजराबाई म्हणाली. तिची नजर गाडीवरच होती. "टपाला एक बोट, डब्याला पान. बाकी कुटं हात न्हाय."

"भावकी बोलंल."

"बोलंना का. त्यांना बी गाडीच बघायची असती."

"तुजं तू बघ," विठाबाई म्हणाली आन् चप्पल पायात सरकवून गेली. वळण आलं. गजराबाईनं बटण कमी केलं.