मामाजी आणि शिळं पाणी

माझे सासरे खुशालराव, म्हणजे आमचे मामाजी, हे काही मासे पाळणाऱ्यातले नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. बाळापूरच्या आत सात किलोमीटरवर त्यांचं गाव. काळी जमीन, एक विहीर आणि उभ्या आयुष्यात केलेली तूर-हरभऱ्याची राखण. मागच्या पावसाळ्यात चक्कर येऊन ते बांधावर दीड तास पडून होते. शेजारच्या पंजाबरावांची नजर गेली म्हणून वाचले. किशोर, म्हणजे माझा नवरा, गेला आणि त्यांचं काही एक न ऐकता त्यांना अकोल्याला आमच्या घरी घेऊन आला. शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलं.

मामाजी आले, पण राहायला आल्यासारखे राहिले नाहीत. त्यांची चेनची पिशवी दाराआड भरलेलीच असायची. "मिरग लागला का मी चाललो गावाले," हे ते चहा मागावा इतक्या सहज म्हणत. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, गावच्या घरात दुसरं कुणी नाही. पुन्हा चक्कर आली तर पंजाबराव प्रत्येक वेळी थोडेच बांधावर असणार? मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागतं जूनच्या पहिल्या आठवड्यात; आम्हा दोघांना त्या महिन्याची भीती वाटायला लागली होती.

बैठकीत माझी दोन फुटांची काचेची टाकी आहे. आत झाडंझुडपं भरपूर, वरती बारीक पानांची तरंगणारी वनस्पती. मार्चअखेर माहेरी अमरावतीला गेले होते तेव्हा तिथल्या दुकानातून ड्वार्फ गुरामी जातीचे तीन मासे आणले, एसटीत मांडीवर पिशवी धरून. नर लालभडक, अंगावर निळे पट्टे, लांबीला जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा. दोन माद्या आपल्या साध्या, रुपेरी.

"पाण्यात कोंडून ठेवले अन् म्हनते पाळले," मासे आले त्या दिवशीच मामाजींनी निकाल दिला. पण त्यांची खुर्ची रोज दुपारी थोडीथोडी टाकीकडे सरकत होती. मी मुद्दामच काही बोलले नाही. आठवड्यानं तेच म्हणाले, "पोरी, तुहा मासा घडीघडी वर येऊन दम घेते. मासा काहून दम घेईन?"

मी सांगितलं, की गुरामीला नुसते कल्ले पुरत नाहीत, वरची हवाही घ्यावी लागते. ती हवा उबदार आणि दमट असली पाहिजे, म्हणून टाकीवर काचेचं झाकण.

"म्हंजे आपल्यावानीच हाये लेकाचं," मामाजी म्हणाले आणि त्यांनी उठून कूलरचं तोंड टाकीवरून दुसरीकडे फिरवलं. अकोल्याच्या एप्रिलमध्ये कूलरची हवा दुसऱ्याला देणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. नराचं नाव त्यांनी 'पाटील' ठेवलं.

आता माझ्या रागाची गोष्ट. आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो. नळ आला की ड्रममधलं उरलेलं पाणी शिळं झालं, असं सगळ्या गल्लीचं ठरलेलं आहे. अर्धा ड्रम का उरलेला असेना, तो नालीत जातो आणि ताजं पाणी भरलं जातं. पाण्याची ओरड करणारे आम्हीच आणि सोन्यासारखं पाणी ओतून देणारेही आम्हीच. मामाजींनी हे पहिल्या महिन्यातच शिकून घेतलं होतं.

पेपर तपासायला मी एक दिवस अमरावतीला गेले आणि नेमका त्या दिवशी नळ आला. संध्याकाळी घरी आले तर मामाजी टाकीसमोर उभे. टाकी आरशासारखी लख्ख. एक मादी तळाशी आडवी पडलेली, दुसरी आणि पाटील वरच्या कोपऱ्यात धापा टाकत होते.

"पाच दिवसांचं शियं पानी पिऊन राह्यले थे जीव," ते म्हणाले. "म्हनलं, बदलून देतो. नळाचं ताजं भरलं. पोरी, काय झालं वो त्याइले?"

नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरिन माशांचे कल्ले जाळतं. त्यात सगळं पाणी एकदम बदललं की त्यांना सोसत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे सगळं मी शांतपणे सांगू शकले असते. मी मात्र ओरडले. "समजत नाही तर हात काहून लावता तुमी? ही काय तुमची विहीर हाये?"

मामाजी टाकीपासून मागे सरकले. मी क्लोरिन मारायचं औषध टाकलं आणि दोघांना कसंबसं वाचवलं. मेलेली मादी त्यांनीच तुळशीच्या कुंडीत पुरली. रात्री जेवताना किशोरला एवढंच म्हणाले, "मिरगाचं तिकीट काढून ठेवजो." एसटीचं तिकीट आधी काढावं लागत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला स्वतःची फार लाज वाटली. पण माफी मागायला माझी जीभ, जी एरवी नको तिथं चुरुचुरु चालते, तेव्हा वळली नाही.

पुढच्या नळाला पाहते तर गॅलरीत दोन बादल्या भरून ठेवलेल्या, वर फडकं टाकलेलं; पाणी एक दिवस शिळं केलं की क्लोरिन उडून जातं आणि एका वेळी थोडंच बदलायचं असतं, हे त्यांनी किशोरकडून काढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मामाजींनी विचारलं, "हे झालं का आता पुरतं शियं?" मी हो म्हटल्यावर त्यांनी तांब्यानं मोजून टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढलं आणि तेवढंच हळूहळू आत सोडलं. हे दर आठवड्याला सुरू झालं. सडकी पानं काढणं, चिमटीनं खाणं टाकणं, काही उरलं तर लगेच उपसणं, सगळं तेच करायचे. पाटलाचा रंग पुन्हा चढला. दाराआडची पिशवी मात्र तिथंच होती.

मे संपत आला होता. एका सकाळी टाकीच्या कोपऱ्यात मला साबणासारखा फेस दिसला. बादली नीट विसळली नसणार, असं मनात म्हणत मी चमचा घेऊन तो काढायला गेले.

"हात नोको लावू!" मामाजी खुर्चीतून ओरडले. "थो घर बांधून राह्यला. कालपासून पाहून राह्यलो मी. तोंडानं बुडबुडे सोडते अन् पाल्याच्या काड्या आणून त्याइत खोचते."

मी फोनवर वाचलं. खरंच होतं. पुस्तकं वाचलेल्या बाईनं ते घरटं चमच्यानं उपसून टाकलं असतं. मग बुडबुड्यांत अंडी आली, पाटलानं मादीला पिटाळलं, आम्ही तिला झाडपाल्यासकट एका टबात हलवलं. पाटील जागचा हलेना. एखादं अंडं निसटलं की तोंडात धरून वर नेऊन ठेवायचा. "राखण करते बाप," मामाजी म्हणत, आणि गावी फोन लावून पंजाबरावांनाही ते सांगत.

तिसऱ्या दिवशी पिल्लं पोहायला लागली, डोळे असलेले केस जणू. मी फोनमधून मोठ्यानं वाचलं, "पिल्लं पोहू लागली की नराला टाकीतून काढून टाकावं, नाहीतर तो त्यांना खातो."

मामाजी खुर्ची ओढून टाकीजवळ बसले. "म्हंजे राखण झाली का बापाले काढून टाकाचं," ते म्हणाले. आवाज साधाच होता. मिरगाला पाच दिवस उरले होते. मला एकदम रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"नाही काढायचं," मी म्हटलं. "घर त्यानं बांधलं. बाप कुठंच जात नाही. आपण पिल्लं दुसऱ्या टबात काढू."

"शंभर पिल्लं तू वाटीनं काढशीन?"

"काढीन. आन् मामाजी, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. हे घर तुमचंच हाये."

त्यांनी स्वयंपाकघरातून वाटी आणून माझ्या हातात दिली. दुपारभर मी वाटीनं पिल्लं उचलत होते आणि ते चष्मा लावून बोटानं दाखवत होते, "थे पाह्य, पानाखाली एक हाये." दुसऱ्या टबात टाकीतलंच जुनं पाणी घातलं, त्यात टाकीतल्या शेवाळाचा एक गोळा. चाळीस-पंचेचाळीस पिल्लं निघाली.

"वर काही झाकाले पायजे," मामाजी म्हणाले. "उघडं ठेवशीन तं हवा लागंल लेकरांले." ते आत गेले. मला दाराआडून पिशवीच्या चेनचा आवाज आला आणि मी वाटी खाली ठेवली.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पांढरंशुभ्र नवं धोतर होतं, घडी न मोडलेलं. त्यांनी दातानं काठ धरला आणि ते टर्रकन फाडलं.

"गावाले जासाठी ठेवलं होतं," ते टबावर कापड बांधत म्हणाले. "आता कायले लागते?"